गोळीची पातळी तपासणं हा ‘लॅबचा धंदा’ नव्हे

आमच्या पेडण्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मनोविकाराच्या गोळीची पातळी रक्तात तपासणं हा लॅबचा धंदा. किती मिलिग्रॅम ते पाकिटावर असतंच. क्लोझापीनवाल्यांचं दर आठवड्याला रक्त काढतात, त्यात सगळं कळतं. आणि पातळी कमी आली तर पेशंट गोळ्या फेकतोय हे नक्की.’ माझा धाकटा भाऊ सहा वर्षं क्लोझापीन ही मनोविकाराची गोळी घेतोय. मला गप्प बसवत नाही.

पाकिटावरचे मिलिग्रॅम पोटात जातात. रक्तात किती उरणार ते लिव्हर ठरवतं. एकाच डोसवर दोन माणसांच्या पातळीत कितीतरी पटींचा फरक पडतो. त्यात सिगारेट-विडी असली की लिव्हर क्लोझापीन भराभर संपवतं. हे निकोटीनमुळे नाही, धुरामुळे होतं. भाऊ दिवसाला पाकीट ओढायचा. गेल्या पावसात छाती भरली, ताप चढला आणि सिगारेट सुटली. आम्हाला केवढा आनंद! आठवड्याभरात रोज सकाळी उशी लाळेने ओलीचिंब, जीभ जड, पेजेची वाटी हातात धरूनच डोळे मिटायचे. डोस तोच. पातळी तपासली, तर मिलिलिटरमागे १,००० नॅनोग्रॅमच्या वर. धूर थांबला की ती चढते, छातीच्या संसर्गातही चढते. त्याचं दोन्ही एकदम झालं होतं. एवढ्या पातळीला फिट येण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी डोस उतरवला.

सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, मग कमी वेळा रक्त काढतात ते पांढऱ्या पेशींसाठी. क्लोझापीनने क्वचित त्या धोकादायक घटतात. औषधाची पातळी त्या रिपोर्टात नसतेच.

गोळ्या फेकण्याचं वाक्य मला फार लागलं. पातळी साधारण ३५० नॅनोग्रॅमच्या खाली असली तर औषध लागू न पडण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण त्याला कारणं बरीच: गोळ्या चुकल्या, सिगारेट वाढली, किंवा त्याचं लिव्हरच झपाट्याने काम करतं. आमची आई समोर उभी राहून गोळी गिळायला लावते, वर तोंड उघडून बघते. अशा पोरावर आळ घ्यायचा?

क्वेटियापीनसारख्या मनोविकाराच्या दुसऱ्या गोळ्यांत मात्र आकड्यावरून फारसं ठरत नाही, तेवढं मान्य.

रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. नाहीतर आकडा फसवा येतो. म्हणून बांबोळीच्या हॉस्पिटलात जाताना त्याची सकाळची गोळी माझ्या पर्समध्ये असते. सुई निघाली, कापूस दाबला, की मग गोळी आणि चहा.