‘मळीचे पाणी म्हणजे फुकटचे खत’ या संदेशाला उत्तर

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. ऊस शेतातला, म्हणून कारखान्यातून ओढ्यात येणारे मळीचे पाणीही सेंद्रिय. शेतकरी मळी पैसे मोजून नेतात, मग तिच्या पाण्याला प्रदूषण का म्हणायचे. वाहत्या पाण्यात ते विरून जाते. आणि प्रक्रियेचा खर्च कारखान्यावर लादला तर उसाचा भाव पडतो, असा त्याचा आशय असतो. हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण स्वतः ऊस उत्पादक आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

गोंधळाचे मूळ ‘मळी’ या शब्दातच आहे. रस गाळल्यावर उरणारा काळपट गाळ, म्हणजे प्रेसमड, ही मळी. साखर काढून घेतल्यावर उरणारा दाट पाक, ज्यापासून मद्यार्क बनतो, तीही मळी. आणि मद्यार्क काढून झाल्यावर आसवनी प्रकल्पातून बाहेर पडणारे तांबूस-काळे पाणी, म्हणजे स्पेंट वॉश, तेही लोकांच्या बोलण्यात मळीचेच पाणी. शेतकरी पैसे देऊन नेतो तो पहिला पदार्थ, आणि ओढ्यात उतरते ते तिसरे. पहिल्याचे गुण तिसऱ्याला चिकटवले, की हा संदेश तयार होतो.

ते पाणी सेंद्रिय आहे हे खरेच आहे, आणि अपायाचे कारणही तेच आहे. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ही मागणी, म्हणजे बीओडी, कच्च्या स्पेंट वॉशमध्ये लिटरला साधारण ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये प्राणवायू असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंट वॉश सुमारे ५,००० लिटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकते, आणि दहा हजार लिटरचा एक टँकर पाच कोटी लिटरमधील. मांजरा खोऱ्यातील एका ओढ्यावर मी याचा परिणाम पहाटे पाहिला आहे. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले होते, काठाला पिवळसर फेस साचला होता आणि डोहातील मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. ऊन वर आले तेव्हा फक्त मरळ हलत होती, कारण तिला पाण्यावरची हवा घेता येते.

वाहत्या पाण्यात विरून जाण्याचा मुद्दा तर आपल्या भागाला लागूच होत नाही. गळीत चालते ते दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत, आणि तोवर आपल्याकडील बहुतेक ओढ्यांची धार तुटून डोह तेवढे उरलेले असतात. तेथे साचलेले पाणी बेसाल्टच्या भेगांतून विहिरी-बोअरमध्ये उतरते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिसरात एक विहीर नासणे ही किरकोळ बाब नाही.

या पाण्यात पोटॅश, म्हणजे पिकाला लागणारे एक पोषक द्रव्य, भरपूर असते, हे मान्य करायलाच हवे. परंतु ते आम्लयुक्त आणि क्षारांनी भारलेले असते. आपल्या काळ्या, चिकण, निचरा कमी असलेल्या जमिनीत ते वारंवार ओतले तर क्षार साचत जातात. प्रेसमडच्या ढिगावर, पक्क्या तळाच्या आवारात, मोजून फवारून कुजवले तर त्यापासून उत्तम कंपोस्ट होते.

राहिला खर्चाचा मुद्दा. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे पुनर्वापर केला तर कारखान्याची बाहेरच्या पाण्याची गरज पुष्कळ घटते. २०१६ च्या नियमाने सांडपाण्याची मर्यादा गाळलेल्या उसाच्या टनामागे ४०० लिटरवरून २०० लिटरवर आणली, ती याच आधारावर. स्पेंट वॉशपासून बायोगॅस मिळतो. ते आटवून बॉयलरमध्ये जाळले तर वाफ मिळते, आणि मागे राहिलेल्या राखेपासून १४.५ टक्के पोटॅशचे खत करतात. पोटॅशसाठी आपला देश जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. ही यंत्रणा महाग आहे आणि कर्जात बुडालेल्या सहकारी कारखान्याला ती जड जाते, हे मी नाकारत नाही. मात्र ती न उभारल्याने खर्च टळत नाही. तो ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पडतो, आणि तोही बहुधा त्याच कारखान्याचा सभासद असतो.

म्हणून रात्री कोणी फुकट खत म्हणून बांधावर टँकर लावला, तर नळी सुटण्याआधी त्याला विचारावे, की यात तीनपैकी कोणती मळी आहे.