सातबाऱ्यावरचा चुलता

बिलात तीन ओळी. पंखा साफ करणे १५०, थर्मल पेस्ट १००, आणि ‘रजिस्ट्री क्लीनिंग, स्पीड वाढवणे’ ४००. मशीन, म्हणजे माझा कॉम्प्युटर, दिलं होतं पहिल्या दोन कामांसाठी. तिसरं, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग जिथं लिहून ठेवतात ती नोंदवही झाडणं, कुणी सांगितलंच नव्हतं, पण झालंय म्हटल्यावर पैसे द्यायचे, असा विश्रामबागेतल्या त्या दुकानाचा कायदा.

“१,२८६ एरर निघाल्या, सर,” मालक म्हणाला. आवाजात माझ्या संस्कारांविषयी शंका होती. “बघा आता कसं पळतंय!”

पळणारच. पंख्यातली धूळ गेली की प्रोसेसर तापत नाही, आणि तापला नाही की स्वतःचा वेग स्वतःच कमी करत नाही. काम केलं दीडशेच्या ओळीनं, श्रेय खाल्लं चारशेच्या. एवढंच म्हणालो, तर बाकावर प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या आबांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

“तसं नसतंय ओ. सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्याचं नाव ऱ्हायलं तर काय हुतंय? आमचं हाय की. चुलता जाऊन पंधरा वर्षं झाली, नाव जागचं हलंना. कर्ज मिळंना, जमीन इकाय येईना. मशीनचं तसंच.”

“बरोब्बर बोलला आबा!” मालकाला वकील सापडला.

“आबा, त्या नावानं एकरी ऊस कमी निघतो का?”

आबांनी प्रिंटर खाली ठेवला. प्रश्न गंभीर होता. “ऊस कशाला कमी निघंल? ऊस पाण्यावर असतोय. खतावर असतोय.”

“मग?”

“मग काय? नाव काढायला पायजेच की!”

यापुढे तर्कशास्त्र हात टेकतं. पण आबांनी नकळत सगळं सांगून टाकलं होतं. प्रोग्रॅम रजिस्ट्रीत आपली नोंद ठरलेल्या वाटेनं जाऊन उचलतो. शेजारी कोण मेलंय हे वाचत बसत नाही. त्या १,२८६ नोंदी प्रत्येकी दोनशे बाइट धरल्या, तरी अडीचशे केबी होतात. मोबाइलवरचा गुड मॉर्निंगचा एखादा फोटोही त्याहून जड असतो. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती, तेव्हा काटकसरीला अर्थ होता. एक्सपीत ती मर्यादा गेली, सल्ला मात्र दुकानादुकानांत अजून नांदतोय. खुद्द मायक्रोसॉफ्टनं पूर्वी रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं, तेही मागं घेतलं. आता त्यांचं म्हणणं असं, की असली साधनं वापरून काही बिघडलं तर ते दुरुस्त होईलच याची हमी नाही.

आणि बिघडतं. साफसफाईवाला जिवंत नोंदही मेलेली समजून उडवतो. मग एखाद्या फायलीवर डबल क्लिक केलं की ‘कशात उघडू?’ असं विंडोज आपल्यालाच विचारतं. अनइन्स्टॉलची नोंद गेली तर प्रोग्रॅम डिस्कवर तसाच राहतो आणि काढायची नेहमीची वाट बंद होते. म्हणून हात लावण्याआधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागं फिरायची खूण, करायचा आणि रेजएडिट या विंडोजमधल्याच रजिस्ट्री एडिटरमधून ती ‘की’ (नोंदींचा कप्पा) एक्स्पोर्ट करून ठेवायची. विंडोज आपोआप प्रत ठेवत असेल या भरवशावर राहू नये. रेगबॅक फोल्डरात रजिस्ट्रीची आपोआप पडणारी प्रत विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून बंद आहे. “बॅकअप घेतला होता का?” असं विचारल्यावर मालक गिऱ्हाईक आल्यासारखा दरवाजाकडे बघायला लागला. दरवाजात कुणी नव्हतं.

त्रास देतो तो मेलेला चुलता नव्हे, दर हंगामाला वाटा मागायला येणारा जिवंत. मशीनबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम, पडद्यामागं चालणाऱ्या सर्व्हिसेस, ठरल्या वेळी चालणारे शेड्युल्ड टास्क, राइट क्लिकच्या मेनूत घुसलेली बिऱ्हाडं, काढलेल्या अँटिव्हायरसचे मागं राहिलेले ड्रायव्हर. त्यांना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये गाठायचं. खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स आहे, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्यांची यादी दाखवणारं, फुकट. ज्यांची फाइलच सापडत नाही त्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात. डिलीट न करता आधी नुसती टिक काढायची, आठवडाभर बघायचं. अँटिव्हायरसचे अवशेष त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलनं काढायचे. आणि ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घालायची. बाकी सगळी भजनं.

यातलं निम्मं मी बोललो. आबा माना डोलवत होते, त्यामुळं मला उगाच हुरूप आला होता.

“सायेब बोलत्यात ते खरं हाय,” ते मालकाला म्हणाले. “माझ्या मशीनचं साफ करायला किती घेशील?”

“चारशे.”

“चुलत्याच्या नावापायी तहसीलला हेलपाटं घातलं, त्याचं यष्टी भाडंच त्याच्या वर गेलंय. काढून टाक समदी.”

“तुम्हाला तीनशे, आबा,” मालक म्हणाला.