बार्टचे एपिसोड पुढे ढकलणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्याकडे जेवायला आलेल्या एका स्नेह्यांनी टीव्हीकडे बघून सरळ रिमोट उचलला. "हा दुसऱ्या भावाचा दिसतोय, गार्नरचा लाव ना." पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आता सगळे गेलेत, ओटा आवरून झालाय, आता लिहिते.

'मॅव्हरिक'बद्दल बोलतेय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत 1957 ते 1962 एबीसी या टीव्ही वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी लागायची. कृष्णधवल वेस्टर्न मालिका, म्हणजे घोडे-पिस्तुलांची. ब्रेट आणि बार्ट हे दोन भाऊ, यादवी युद्धानंतरच्या काळात गावोगाव, बोटीबोटीवर पोकर खेळत फिरतात. कोटाच्या आत टाचणीने हजार डॉलरची नोट लावलेली, अडीनडीला. पिस्तूल कमरेला असतं, पण शक्यतो काढायचं नाही. बोलून सुटता आलं तर बोलायचं, नाहीतर घोडा गाठायचा. बाकीच्या वेस्टर्न मालिकांमध्ये छाती काढून उभे राहणारे शेरीफ असताना ही माणसं डोकं वापरत होती, म्हणून मला ती आवडतात. तुम्हालाही आवडतील, मला माहीत आहे तुम्ही कसे आहात ते.

ब्रेट म्हणजे जेम्स गार्नर. बार्ट म्हणजे जॅक केली. आणि साठ-पासष्ट वर्षं झाली तरी लोकांना एकच नाव आठवतं.

बाबा एका थंडीत आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. बाहेर बर्फ, फिरायला जायची सोय नाही, म्हणून मी ही मालिका लावून द्यायचे आणि शेजारी बसून गोष्ट सांगायचे. 'शेडी डील अ‍ॅट सनी एकर्स' हा नोव्हेंबर 1958चा एपिसोड लावला. सगळ्यात गाजलेला. ब्रेट पोकरमध्ये जिंकलेले पंधरा हजार डॉलर रात्री बँकवाल्याकडे ठेवतो आणि सकाळी तो बँकवाला तोंडावर सांगतो, तू कोण, मी तुला ओळखत नाही. मग ब्रेट काय करतो? बँकेसमोर खुर्ची टाकतो आणि चाकूने लाकूड तासत बसतो. गावातले लोक येऊन टिंगल करतात, पैसे कसे परत मिळवणार म्हणून विचारतात. तो शांतपणे सांगतो, त्याच्याच मागे आहे.

सगळी दुनिया त्या खुर्चीवर फिदा आहे. बाबा अर्धा एपिसोड गप्प बघत होते. मग म्हणाले, "अगं, तो खुर्चीतला हसतोय ते ठीक. पण पळापळ कोण करतंय?"

बार्ट करतोय! खोटं नाव घेऊन, शेअर दलाल बनून बँकवाल्याच्या गळ्यात फास अडकवणारा बार्टच आहे. मित्रमंडळी गोळा झालीत, प्रत्येकाला काम वाटून दिलंय, पण बँकवाल्याला मोहात पाडायचं मुख्य काम त्याच्याकडे. एक चूक झाली तर तोच तुरुंगात जाणार. आणि टाळ्या कोणाला? खुर्चीला.

हे उगाच झालेलं नाही, म्हणून राग येतो. मालिकेचा निर्माता रॉय हगिन्स दोघा भावांच्या पटकथांमध्ये नावंच घालायचा नाही. मॅव्हरिक एक, मॅव्हरिक दोन. कुठली भूमिका घ्यायची हे आधी गार्नरने ठरवायचं, कारण तो आधी आलेला. उरलेली केलीला. लेखकांना तर सांगून ठेवलेलं की लिहिताना डोळ्यांसमोर गार्नरच आणा, काम कोणीही करो. म्हणजे या माणसाने दुसऱ्याच्या मापाने शिवलेले कपडे घातले आणि तरी ते त्याला नीट बसले.

बरं, त्याला घेतलं तरी कशासाठी? तासाभराचा एक एपिसोड शूट करायला आठवड्याहून जास्त दिवस लागायचे आणि प्रक्षेपण तर दर आठवड्याला. गणित जमेना, म्हणून आठव्या एपिसोडपासून दुसरा भाऊ आणला. म्हणजे गाडी चालू ठेवायला माणूस हवा होता, तो आला आणि त्याने गाडी शेवटपर्यंत चालवली.

गार्नर मोठा नट होता, वादच नाही. भुवई उचलून हसवायचा तसं केलीला जमायचं नाही. झालं, मान्य केलं.

पण 1960 मध्ये लेखकांच्या संपाच्या वेळी मालिका बनवणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने गार्नरचा पगार थांबवला, तो कोर्टात गेला, जिंकला आणि बाहेर पडला. बरोबरच केलं त्याने, मी त्याच्या बाजूची आहे. मागे कोण राहिलं? स्टुडिओने रॉजर मूरला चुलतभाऊ म्हणून आणलं, एका सीझननंतर तोही गेला. रॉबर्ट कोलबर्टला गार्नरसारखेच कपडे घालून ब्रेंट नावाने उभं केलं, त्याच्या वाट्याला दोन एपिसोड आले. पाचव्या सीझनला नव्या एपिसोडमध्ये एकटा केली आणि मध्ये मध्ये गार्नरचे जुने एपिसोड. सगळ्यांत जास्त एपिसोड कोणाचे? केलीचे. पाचही सीझन कोण होतं? केली. शेवटच्या सीझनमधल्या पटकथा पडेल आहेत म्हणतात. आहेत काही. त्या त्याने लिहिल्या होत्या का?

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. बाबा स्वतः घरातले दुसरे. थोरले काका मुंबईला, सभासमारंभात, हार घालून फोटोत. गावाकडचा जमिनीचा दावा, तारखा, आजीचं आजारपण, विहिरीची मोटर जळली की मेकॅनिक शोधणं हे सगळं बाबांकडे. काकांनी बसून ठरवायचं, बाबांनी एसटी पकडायची. बाबांनी कधी तक्रार केली नाही. काका वाईट नव्हते, हेही लिहायला हवं, मनाने फार उदार होते. पण "पळापळ कोण करतंय" हे बाबांनाच का दिसलं, ते मला त्या रात्री झोपताना कळलं आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

नंतर मी कामाला गेले की ते एकटेच बघत बसायचे. इंग्रजी उच्चार निम्मे कळायचे नाहीत, पण पत्ते कळायचे. फ्लशला ते आपल्या तीनपत्तीसारखं 'कलर'च म्हणायचे. घरी आले की सांगायचे, आज आपल्या माणसाने कलर असून डाव सोडला. आपला माणूस म्हणजे बार्ट. ब्रेटला ते शेवटपर्यंत 'तो खुर्चीतला' म्हणत राहिले.

दुपारचा राग आता उतरलाय थोडा. स्नेही चांगले आहेत, त्यांना कोणी दाखवलंच नसेल. तर ही माहिती त्यांच्यासाठीही. जॅक केली पुढे राजकारणात गेला, 1980च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचा महापौर झाला. प्रचारात घोषणा होती की तुमचे प्रश्न मॅव्हरिकला सोडवू द्या. लोकांनी निवडूनही दिलं. आणि 1981 मध्ये गार्नरने 'ब्रेट मॅव्हरिक' नावाने नवी मालिका काढली, तिच्या अगदी शेवटच्या एपिसोडच्या शेवटी बार्ट दारात येतो. पुढच्या सीझनपासून तो कायम राहणार होता. पुढचा सीझन आलाच नाही, मालिका बंद केली. 1992 मध्ये केली गेला.

बघायचंच असेल तर 'द रेकर'पासून सुरुवात करा, त्यात दोघेही आहेत. बुडालेल्या जहाजाच्या मालावर बोली लावतात आणि समुद्रावर बार्ट जातो. मग 'प्रे ऑफ द कॅट'. त्यात हसायला काही नाही. मित्राच्या घरी पाय मोडून पडलेल्या माणसावर मित्राची बायको भाळते आणि पुढे सगळं काळंकुट्ट होत जातं. केली तिथे जे करतो ते भुवई उचलून होत नाही. मन हलकं करायला शेवटी 'थ्री क्वीन्स फुल', 'बोनान्झा' या त्या काळच्या दुसऱ्या वेस्टर्न मालिकेची अशी खिल्ली उडवलीय की तिच्यातल्या 'पाँडेरोसा' रँचचं नावसुद्धा 'सबरोसा' करून ठेवलंय. 'सनी एकर्स' पाहिला असेल तरी पुन्हा बघा, आणि या वेळी खुर्चीकडे बघू नका.