फक्त तळघर तेवढं राहिलंय

"घर एकदम तयार आहे, फक्त तळघर तेवढं फिनिश करायचं राहिलंय," असं एजंट म्हणाला, तेव्हा त्यातला 'फक्त' माझ्या कानात शिरलाच नाही. शिरलं ते 'तळघर'.

आयुष्यभर पलंगाखाली पुस्तकं ठेवलेल्या माणसाला तळघर म्हणजे काय, हे मोठ्या घरात वाढलेल्यांना कळायचं नाही. जिना उतरून होईपर्यंत आमच्या वाटण्या झाल्या होत्या. खिडकीजवळचा कोपरा माझा, वाचनाला. बायकोने मधोमध शिलाई मशीन मांडून टाकलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, टेबल टेनिसचं टेबल नऊ फूट असतं, शिवाय दोन्हीकडे मागे सरकायला जागा लागते," म्हणजे माझा कोपराही गेला. आई वरच्या पायरीवरूनच म्हणाली, "माझ्या ट्रंका कुठे ठेवायच्या?" तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

घर जुनं आणि ऐसपैस. जिन्याच्या कठड्याचं टोक इतक्या हातांनी घासलं गेलं होतं की लाकडाला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीतपणा आला होता. मुलाने दिवाणखान्यात गोटी ठेवली, तर ती कोणी न ढकलता पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एजंट म्हणाला, "जुन्या घरांना असं व्यक्तिमत्त्व असतं."

मग आम्ही घर तपासायला एक गृहस्थ बोलावले. अबोल माणूस. तळघरात त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर पांढरी पूड.

"रंग असेल," मी म्हणालो.

"लोणा. भिंतीतून पाणी येताना क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात."

"म्हणजे पाणी गेलं ना?" मला धीर आला.

"जातं," ते म्हणाले. "येतंही."

पुढचा तासभर त्यांनी मला भेगा शिकवल्या. केसाएवढी उभी भेग दिसली तर सहसा घाबरायचं नाही, काँक्रीट वाळताना आकसतं. आडवी दिसली तर बाहेरची माती भिंतीला आत रेटतेय. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली दिसली तर पाया कुठेतरी खचतोय. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेलो की हस्तसामुद्रिकासारखा आधी भिंती बघतो. आमच्या भिंतींवर उभ्याच रेषा निघाल्या. द्रव्यनाशाचा योग मात्र त्यांच्याशिवायही होता.

घर घेतलं. कठड्याच्या त्या टोकामुळे घेतलं, असं मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

'घर पाहावं बांधून' असं ज्याने कोणी म्हटलं, तो आमच्याच घराचा मूळ मालक असणार. बांधत बांधत तळघरापर्यंत आला आणि पुढचं आमच्यावर सोडून गेला. वर उघड्या तुळया, पाइप, वायरींची जाळी; खाली नुसता कोबा. तळघराची राहती खोली करायची तर बऱ्याच ठिकाणचे नियम 7 फूट उंची मागतात. आमच्या मुख्य तुळईखाली सहाच फूट. ही मोजणी मी पहिल्यांदा कपाळाने केली, टेप नंतर आणली. वर छत आणि खाली फरशी घातल्यावर जी उंची उरली असती, तिच्यात वाचायचं तर आडवं पडूनच.

बरं, ओल? मी मोठ्या हुशारीने ऐन उन्हाळ्यात तळघराच्या खिडक्या उघडल्या. हवा खेळेल, ओल जाईल. संध्याकाळी भिंतींना घाम! बाहेरची दमट, गरम हवा गार भिंतीला लागली की तिथेच पाणी सोडते, हे मला शाळेत शिकवलं होतं. फक्त गार पाण्याच्या पेल्याचं उदाहरण देऊन. तळघराचं दिलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

मग एक परीक्षा कळली. दोन फुटांचा प्लॅस्टिकचा चौकोन कोब्यावर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोनेक दिवस थांबायचं. थेंब प्लॅस्टिकच्या खाली धरले तर ओल जमिनीतून येते, वर धरले तर हवेतून. दोन दिवस आम्ही निकालाच्या आदल्या रात्रीसारखे काढले. थेंब खालीही होते, वरही.

"चला, कोणावर अन्याय नाही," बायको म्हणाली.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "आतून कितीही लिंपा, पाणी आधी बाहेर अडवा." म्हणून मी पन्हळी साफ केल्या. घराभोवतीच्या पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार पडेल, अशी माती ओढली. वाचनाची खोली हवी असलेला माणूस चार रविवार फावडं घेऊन उभा होता. शिवाय हवेतली ओल ओढणारं यंत्र आणलं. त्याची बादली सकाळी मी ओततो, संध्याकाळी मुलगा. टेबल टेनिसपेक्षा यात व्यायाम जास्त आहे, असं मी त्याला पटवतोय.

आज तळघरात आईच्या चार ट्रंका आहेत, विटांवर ठेवलेल्या. त्यातल्या एकीवर बसून मी रोज रात्री वाचतो: आर्द्रतामापकावरचा आकडा. 60 टक्क्यांच्या खाली हवा. काल 58 निघाला! धावतच वर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

"वा," आई म्हणाली. "मग जुन्या गाद्याही खालीच टाकू."