स्टीलची वाटी, छत्री आणि सातवा आठवडा

कृष्णाकाठची वांगी घेताना सातारकर माणूस देठ बघतो, कीड आहे का म्हणून एकेक वांगं उलटंपालटं करतो आणि पाव किलोच्या सौद्याला वीस मिनिटं लावतो. तोच माणूस दहा-बारा वर्षं घरात राहणारं कुत्र्याचं पिल्लू दोन मिनिटांत पसंत करून टाकतो. कारण विचारलं तर म्हणतो, "अहो, बाकीची बसून होती, हे एकटंच पळत आलं. त्यानंच आपल्याला निवडलं!"

त्यानं कुणालाही निवडलेलं नसतं. ते सात भावंडांतलं सगळ्यात दांडगं असतं, एवढंच. तुमच्या जागी वीजबिलवाला आला असता तरी त्याच्याही बुटाची लेस अशीच ओढली असती. आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं दुसरं टोक, ज्याला बघून घरातलं कुणीतरी "बिच्चारं गं!" म्हणतं, ते दयेपोटी घरी येतं. भित्रं कुत्रं चावत नाही, हा आपला लाडका गैरसमज. कुत्री चावतात त्यातली बरीचशी भीतीपोटीच चावतात.

पिल्लू बघायला आमच्याकडे एकटं कुणी जात नाही. गाडीत मावतील तितकी माणसं जातात आणि प्रत्येकाची कसोटी निराळी. आजोबा पाय उचलून नखं मोजतात, कारण वीसनखी कुत्रं शूर. आता पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं बहुतेक कुत्र्यांना असतात. एखाद्याच्या मागच्या पायांना अंगठ्यासारखं जादा नख लोंबत असलं की वीस भरतात. ते कुठे अडकून फाटलं की डॉक्टरकडे पळायचं. शौर्याशी संबंध आलाच तर एवढाच. मामा जबडा उघडून टाळू काळी आहे का ते तपासतात. गाडी चालवायला म्हणून आणलेला शेजारी पिल्लाला कान धरून उचलायला निघतो. ओरडलं नाही तर जातिवंत, म्हणे. (शेजाऱ्याचाच कान धरून खात्री करून घ्यावी.) वहिनींना सोफ्याला शोभणारा रंग हवा असतो. आणि पिल्लांचा मालक मागून चालूच असतो, "डबल बोन हाय दादा, पंजा बघा केवढा! पेपरवालं हाय." डबल बोन म्हणजे दणकट हाडापेराचं. पेपर म्हणजे केनेल क्लबचा दाखला. त्यात आई-बाप, आजा-पणजा सगळे असतात. स्वभावाचा रकाना नसतो.

या डेअरिंगच्या हौसेमागे खंड्या असावा, असा माझा संशय आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं आणि पालखीचा मान मिळवला, असं सांगतात. तेव्हापासून प्रत्येक सातारकराला वाघाच्या अंगावर जाणारंच पिल्लू लागतं. पण शाहूनगरच्या दुसऱ्या मजल्यावर वाघ येत नाही. सिलिंडरवाला येतो, पेपरचं बिल मागायला पोरगा येतो, पूजेला गुरुजी येतात. त्यांच्यावर डेअरिंग केलं तर पालखी निघत नाही, दवाखान्याचं बिल निघतं.

खरी मेख पुढेच आहे. पिल्लू आणायला जातं ते नवं जोडपं, आणि ते निवडतं आजच्या घरासाठी. दोघं नोकरीवाली, रविवारी यवतेश्वरचा घाट, सोबत धावायला लॅब्राडोर; चित्र छान. पण लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो आणि वाढून तीस किलोच्या आसपास जातो. लग्नानंतर लगेच आणलेलं पिल्लू मुलाच्या पाचवीपर्यंत घरात असतं. मधल्या काळात रात्री तीनला रडणारं बाळ येतं, शेपूट धरून उभं राहायला शिकणारं पोर येतं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत सासूबाई येतात. म्हणजे जी माणसं अजून घरात आलेलीच नाहीत, त्यांच्यासाठी पिल्लू निवडायचं.

त्याची एक रीत आहे. जॅक आणि वेंडी व्होलहार्ड या श्वानप्रशिक्षक जोडप्यानं बसवलेली दहा चाचण्यांची परीक्षा. ती घ्यायची पिल्लू ४९ दिवसांचं झालं की. तोवर मेंदूची वाढ बरीच झालेली असते आणि जगाचे टक्केटोणपे अजून खायचे असतात. सामान घरातलंच: एक छत्री, स्टीलची वाटी आणि चमचा, कागदाचा बोळा, दोरी बांधलेला जुना टॉवेल, घड्याळ, वही. जागा पिल्लानं आधी न पाहिलेली, माणूस अनोळखी, वेळ खाण्याआधीची. खाऊन झाल्यावर प्रत्येक पिल्लू शांत स्वभावाचंच दिसतं. आणि एका वेळी एकच पिल्लू. हे मालकाला पटवणं ही अकरावी चाचणी. "सगळी एकदम सोडतो की, बघा निवांत" म्हणून तो दारच उघडतो.

बोलावल्यावर येतं का, चाललात तर मागे येतं का, बोळा टाकला तर आणतं का, हे सोपं. मग हळूच उताणं करून छातीवर हात ठेवून तीस सेकंद धरायचं. जे पिल्लू आधी वळवळतं, मग निवतं आणि अधूनमधून तोंडाकडे बघतं, ते कामाचं. तीसही सेकंद लाथा झाडत चावणारं नको, आणि पहिल्या सेकंदापासून मान फिरवून लोळागोळा झालेलंही नको. मंडळी इथेच घोटाळा करतात. धडपडलं की "रागीट आहे" म्हणून पुसून टाकतात. थोडं धडपडायलाच हवं.

त्यानंतर पुढच्या पायाच्या दोन बोटांमधली कातडी चिमटीत धरायची. नख लावायचं नाही, बोटाची मऊ बाजू. एक ते दहा मोजत दाब हळूहळू वाढवायचा आणि पिल्लानं पाय ओढला की त्या क्षणी सोडायचा. दोनलाच किंचाळलं तर दीड वर्षाच्या पोराची मूठ त्याला झेपणार नाही. दहापर्यंत काहीच कळलं नाही तर पुढे पट्ट्याला हिसके दिले तरी कळायचं नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी पाय ओढून वर हात चाटणारं पिल्लू भेटलं तर वहीत त्याच्यापुढे खूण करा.

वाटीची चाचणी मला सगळ्यात आवडते. पिल्लाचं लक्ष नसताना, त्याच्यापासून चार-पाच फुटांवर, मागच्या बाजूला वाटी खणकन वाजवायची. बघायचं काय, तर दचकलं का हे नाही. दचकून किती वेळात सावरलं हे. कान टवकारले, दोन पावलं मागे गेलं आणि मग वाटी हुंगायला आलं, की उत्तीर्ण. खाटेखाली जाऊन बसलं आणि पाच मिनिटं बाहेर आलं नाही, तर त्या घरात गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून जाताना काय होईल, याचा विचार करा. सातव्या पिल्लानं मानच वळवली नाही तर "किती शांत!" म्हणू नका. पुन्हा वाजवा, बहिरं असू शकतं. छत्रीचंही तसंच. पाच फुटांवर उघडून जमिनीवर ठेवायची आणि वाट बघायची. ज्या गावात पावसाळ्यात प्रत्येक पाहुणा दारात छत्री मिटवतो, झटकतो, त्या गावात या चाचणीला दुप्पट गुण द्यायला माझी हरकत नाही.

गुण एक ते सहा. एक म्हणजे दांडगाई, सहा म्हणजे तुमच्याशी देणंघेणंच नाही. घरात लहान पोरं, म्हातारी माणसं येणार असतील तर तीन-चारच्या आसपास रेंगाळणारं पिल्लू घ्या. शाळेत अशा मुलांकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथे नेमकं तेच हवं असतं.

एवढं करून हमी मिळते का? नाही. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डवर झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठव्या आठवड्यातल्या चाचणीचा आणि मोठेपणीच्या वागण्याचा मेळ बसला नाही. मग चाचणी कशाला? दोन्ही टोकं बाजूला काढायला, एवढ्याच कामाची ती मला वाटते. बाकी अंदाज आईवरून बांधावा. पिल्लांपाशी नवा माणूस गेला की पहिले काही आठवडे ती गुरगुरणारच. पण सातव्या आठवड्यातही मालकानं साखळी धरल्याशिवाय आत जाता येत नसेल, तर चहा पिऊन परत या. आई "बाहेर गेलीय" म्हणाले तर चहाही पिऊ नका.

घाई दुसऱ्याच कारणानं होते. "दूध सुटलंय, महिना झालाय, आजच न्या." आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला श्वान पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनीच बंदी आहे, आणि ती उगाच नाही. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचा हे पिल्लू तिथे शिकतं. महिन्यात उचलून आणलेलं पिल्लू तोच अभ्यासक्रम तुमच्या पोटरीवर पूर्ण करतं.

घरी आणल्यावर वेगळीच कोंडी. लस पहिली सहा ते आठ आठवड्यांत, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. आणि जग ओळखायची खिडकी बारा-चौदा आठवड्यांतच मिटत येते. लशी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडलं तर पार्व्हो या जीवघेण्या आजारापासून वाचतं, पण रिक्षा बघितली की थरथरतं. म्हणून कडेवर घेऊन हिंडवायचं: पोवई नाक्यावरचे हॉर्न, लेझीम, हेल्मेटवाला माणूस, काठीवाले आजोबा, नऊवारीतली आजी. जमिनीवर मात्र ठेवायचं नाही. लोक "बाळ केवढ्याचं?" विचारतात. आठवडे सांगावेत.

तर पसंती सातव्या आठवड्यात आणि नेणं आठव्यानंतर. मधल्या आठ-दहा दिवसांत सात काळ्या पिल्लांतलं आपलं ओळखायचं कसं? रंगीत पट्टे मालकाची पोरं खेळता खेळता बदलतात. म्हणून वजन, नर की मादी, पोटावरचा एखादा पांढरा ठिपका, हे वहीत लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी, फोटो काढावा आणि गळ्यात सैल हिरवी लोकर बांधून तिची गाठ फोटोत दिसेल असं बघावं. मालक हे सगळं शांतपणे बघतो आणि बायकोला हाक मारतो, "अगं, ताट आण ओवाळायला. दादा राखी बांधायला आल्यात."