शहाण्याने मीटरकडे बघू नये

जुलै महिन्यात कुठल्याही पुणेकराला विचारा, धरणात पाणी किती? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला, चारही मिळून 29.15 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आज त्यातलं इतकं भरलं, काल इतकं होतं, असं तो दशांश चिन्हापुढच्या दोन घरांपर्यंत सांगेल. मग त्यालाच विचारा, काल तुमच्या घरात किती लीटर लागलं? पगार विचारल्यासारखा चेहरा करेल.

हे अज्ञान पिढीजात आहे आणि ते टिकवायचं असेल, तर दारात येऊ घातलेल्या पाण्याच्या मीटरला विरोध केलाच पाहिजे. शहरात लाखाच्या वर मीटर बसून झालेत, घरगुती बिलं मात्र अजून जुन्याच पद्धतीने येतात. म्हणजे वेळ गेलेली नाही.

आधी जुनी पद्धत किती सोयीची आहे ते समजून घ्या. पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते आणि ठरते घराच्या करपात्र रकमेवरून. थोडक्यात, पाणी घर पितं, माणसं पीत नाहीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या. मुलगा न्यू जर्सीत. घासायला भांडी चार, धुवायला पातळं दोन. तळमजल्यावरचे अण्णा सकाळी सातला नळी लावतात. आधी गाडी, मग पायऱ्या, मग गाडीखालची फरशी, मग धूळ बसावी म्हणून रस्ता, तोही शेजारच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत. दोघांचे फ्लॅट सारख्या मापाचे, म्हणून पाणीपट्टीही सारखी. गेली कित्येक वर्षं अण्णांची गाडी काकू धुऊन देताहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. असं गुप्तदान मीटर आल्यावर कोण करणार?

सभेत बोलायची वेळ आली तर ‘पाणी ही निसर्गाची देणगी आहे’ इथून सुरुवात करावी. टाळ्या येतात. निसर्ग ती देणगी धरणापर्यंतच आणून देतो, पुढे शुद्धीकरण, पंप आणि विजेचं बिल असतं, हे कुणाला सुचायच्या आत खाली बसावं. मे महिन्यात दहा हजार लीटरचा टँकर मागवताना मात्र देणगीचा विषय काढू नये. एक युनिट म्हणजे हजार लीटर, तेव्हा टँकर म्हणजे दहा युनिट. टँकरवाला सांगेल तो आकडा मुकाट्याने द्यायचा आणि पालिकेच्या युनिटच्या दरावर अर्धा तास भांडायचं, ही रीत आहे.

कुणी सरकारी माप पुढे करेल. माणशी रोज 135 लीटर, म्हणजे चौघांना 540, महिन्याला सोळा युनिटं. हा हिशेब घरात होऊ देऊ नका. आपल्याकडे काल भरलेलं पाणी आज शिळं होतं. सकाळी नळ आला की पिंप मोरीत उपडं करायचं, कळशा विसळायच्या आणि ताजं भरायचं. ते ताजं पाणी पानशेतला गेल्या पावसाळ्यापासून पडून असतं. पण ते धरणात, पिंपात नव्हे.

तुमच्याकडे एक मुद्दा मात्र अस्सल आहे, म्हणून तो जपून वापरा. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर नळ सोडल्यावर आधी फुसफुस करत हवा येते आणि त्या हवेवरही मीटर पळतो. हवेचे पैसे का द्यायचे? बिनतोड. यावर उपाय एकच, नळात सतत पाणी राहणं. चोवीस तास पाणी द्यायचं तर ते कुठे मुरतंय हे कळायला हवं, आणि ते कळायला मीटर लागतात. तेव्हा ‘आधी पाणी, मग मीटर’ यावर ठाम राहा. पालिका ‘आधी मीटर, मग पाणी’ म्हणेल. तुमची नातवंडं हाच वाद पुढे चालवतील.

कऱ्हाडजवळच्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, असं कुणी ऐकवलं तर म्हणावं, ‘अहो, ते गाव केवढं!’ मुंबईत इमारतींना मीटर आहेत म्हणालं तर, ‘ते शहर केवढं!’ नागपूरचं नाव निघालं तर उन्हाळ्याचा विषय काढावा. पुण्याच्या मापाचं दुसरं शहर अजून सापडलेलं नाही.

एवढं करूनही मीटर बसलाच, तर सोसायटीला मिळून एकच घ्या आणि बिल फ्लॅटमागे सारखं वाटा. अण्णा आणि काकू पुन्हा जागच्या जागी. कुणी तरुण सभासद घरटी मीटर मागेल, तर त्याला गच्चीवर न्यावं. जुन्या इमारतीत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांचे पाइप टाकीतून वेगवेगळे उतरतात. एका घराला तीन-तीन मीटर लावणार का, असं विचारावं. तो खाली येईपर्यंत चहा आलेला असतो.

शेवटचं म्हणजे फाटकाजवळच्या मीटरच्या खड्ड्याचं झाकण उघडू नका. मी परवा पहाटे उघडलं. तबकडीवर काळे आकडे, त्यापुढे लाल आकडे आणि मधे मोहरीएवढी चांदणी. पाणी जात नसेल तर ती स्थिर असते. खालची टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे फ्लोटने पाणी तोडायला हवं होतं. चांदणी गरगरत होती. वाकून कान दिला, तर टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून ड्रेनेजमध्ये एकसारखी धार पडत होती. कधीपासून, देव जाणे.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला. काकूंनी नळ सोडला, अर्धी बादली भरल्याचा आवाज आला आणि नळ बंद झाला.

मी झाकण लावलं, त्यावर जास्वंदीची कुंडी सरकवली आणि अण्णांची नळी लावून तिला पोटभर पाणी घातलं.