मर्यादा वाढवून गळती थांबत नाही

लिनक्स सर्व्हरवर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही त्रुटी, म्हणजे प्रोग्रामने एका वेळी उघड्या ठेवायच्या फाइलींची मर्यादा गाठल्याची सूचना, आली की ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या मर्यादांच्या सेटिंग फाइलीत दोन ओळी लिहून ती मर्यादा 65535 करावी आणि सर्व्हर रिस्टार्ट करावा, म्हणजे प्रश्न मिटतो, असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. सांगलीतील एका हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर मी या सल्ल्यावर तीन आठवडे चालवला, आणि म्हणूनच तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

ती फाइल लॉगिनच्या वेळी लागू होते. सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्समध्ये पार्श्वभूमीवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, सुरू केलेल्या सेवेला ती लागूच होत नाही. तिथे त्या सेवेच्या सेटिंग फाइलीत, म्हणजे युनिट फाइलमध्ये, ‘लिमिट-नोफाइल’ लिहावे लागते. त्यामुळे माझ्या टर्मिनलवर मर्यादा दाखवणारी ‘यूलिमिट’ ही आज्ञा 65535 दाखवत होती, पण चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) माहिती देणाऱ्या ‘प्रोक’ फोल्डरातील त्या प्रोसेसच्या ‘लिमिट्स’ फाइलीत आकडा 1024 च होता. दर वेळी गुण येत होता तो रिस्टार्टचा. त्याच रिस्टार्टने पुरावाही पुसला जात होता.

‘फाइल्स’ म्हणजे डिस्कवरच्या फाइली, हा समजही तितकाच घातक आहे, कारण लिनक्समध्ये नेटवर्कचा प्रत्येक सॉकेट (जोडणीचे टोक) आणि प्रत्येक पाइप (दोन प्रोग्राममधली माहितीची नळी) याच मर्यादेत मोजला जातो. मी सौदे चालू असताना दर अर्ध्या तासाने ‘प्रोक’मधील ‘एफडी’ या, उघड्या फाइली व सॉकेट दाखवणाऱ्या फोल्डरातील नोंदी मोजल्या, तेव्हा सकाळी 130 असलेला आकडा दुपारी 900 च्या पुढे गेला आणि सौदे संपून दुकान शांत झाल्यावरही खाली आला नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ या आज्ञेच्या यादीत बहुतेक सॉकेट ‘क्लोज वेट’ अवस्थेत होते, म्हणजे समोरच्याने जोडणी बंद केली होती, पण आमच्या प्रोग्रामने आपली बाजू बंदच केली नव्हती. शेतकऱ्याला पट्टीचा (मालाच्या विक्रीच्या हिशेबाचा) एसएमएस पाठवणाऱ्या आमच्याच कोडमध्ये, उत्तर चुकीचे आले की जोडणी बंद करणाऱ्या ‘क्लोज’ या आज्ञेपर्यंत न पोहोचणारी एक वाट राहून गेली होती.

मर्यादा खरोखरच अपुरी असू शकते, हे मान्य आहे. प्रॉक्सीला, म्हणजे ग्राहक आणि मूळ सर्व्हर यांच्यात मध्यस्थ असणाऱ्या सर्व्हरला, एका ग्राहकामागे सहसा दोन सॉकेट लागतात, तिथे 1024 लवकर संपतात. पण तो आकडा गर्दीबरोबर चढतो आणि गर्दीबरोबर उतरतो. आमचा उतरत नव्हता, म्हणजे ती गळती होती. अशा ठिकाणी मोठ्या मर्यादेने सर्व्हर फक्त उशिरा पडतो, आणि जुना प्रोग्राम अनेक सॉकेटांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्यासाठी ‘सिलेक्ट’ हे फंक्शन वापरत असेल तर सॉकेटचा क्रमांक 1024 किंवा त्यापुढे गेल्यावर त्याची मेमरीही बिघडू शकते.

‘क्लोज’ प्रत्येक वाटेवर आणल्यापासून आकडा दिवसभर दीडशेच्या आत राहतो, आणि त्या प्रोसेसची मर्यादा आजही 1024 च आहे.